सीएमई कोर्स बनवायचाय? मग नेहमीचा क्रम उलटा करा (टप्प्याटप्प्याने पूर्ण पद्धत)

बहुतेक सीएमई (कंटिन्यूइंग मेडिकल एज्युकेशन, म्हणजे काम करत असलेल्या डॉक्टर-सिस्टर वगैरेंसाठीचं चालू शिक्षण) कसे ठरतात ते आपल्याला माहितीच आहे. आधी तारीख, मग हॉल, मग कोणते मोठे सर मिळतायत ते बघायचं, सरांकडे कुठला विषय तयार आहे ते विचारायचं, आणि सगळ्यात शेवटी क्रेडिट पॉइंटचा फॉर्म भरताना कोणीतरी घाईघाईत उद्दिष्टांच्या रकान्यात चार ओळी टाइप करतं. सर्टिफिकेटं वाटली जातात, फीडबॅक फॉर्मवर 'एक्सलंट' येतं आणि सोमवारी वॉर्डात सगळं होतं तसंच चालू.

खालची पद्धत बरोबर उलट्या क्रमाने जाते. आधी वॉर्डातली चूक, मग त्या जागी काय दिसायला हवं ते, मग ते तपासायचं कसं, मग कंटेंट, आणि स्पीकर त्यानंतर. तारीख तर अजून नंतर. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय, वॉर्डात इन्सुलिन सुरक्षितपणे देणं, कारण त्यात डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट तिघंही येतात आणि चुकलं तर लगेच कळतं. तुमचा विषय दुसरा असेल तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: चूक नेमकी कुठे होतेय ते पकडा

'डायबिटीस अपडेट' हे कोर्सचं नाव असू शकतं, पण त्यावरून कोर्स बनवता येत नाही. त्यात काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कोण ठरवणार? त्यापेक्षा हे बघा: 'वॉर्डात इन्सुलिन भरताना व्हायलची (औषधाच्या बाटलीची) स्ट्रेंग्थ, म्हणजे मिलीला ४० युनिट की १००, आणि सिरिंज जुळतेय का हे बघितलं जात नाही.' आता हातात काहीतरी आलं.

हे वाक्य कुठून आणायचं? कमिटीच्या मीटिंगमधून आणू नका. इन्सिडेंट रिपोर्ट बघा, पण फक्त त्यावर थांबू नका कारण रिपोर्टमध्ये तेवढंच येतं जे कोणीतरी कळवायची हिंमत केली. ड्रग चार्ट काढा, सलग तीस काढा, निवडून नको, आणि तीन गोष्टी मोजा: डोस पूर्ण शब्दात 'युनिट' लिहून दिलाय का (नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते घाईत शून्य वाचलं जातं आणि १० चे १०० होतात), डोस देण्याआधीची शुगर नोंदवलीय का, आणि शुगर ७० च्या खाली गेल्यावर १५ मिनिटांनी परत तपासल्याची नोंद आहे का. फार्मसीने क्वेरी करून परत पाठवलेल्या ऑर्डरी बघा. आणि एक शिफ्ट, शक्यतो रात्रीची, नुसते उभे राहून बघा. इनचार्ज सिस्टरना सांगून, चुका पकडायला आलो नाही हे स्पष्ट करून. ट्रॉलीत काय असतं, सिरिंज कुठून येते, ऑर्डर फोनवर घेतली जाते का, कोण कोणाला विचारतं, हे कुठल्याही सर्व्हेत येत नाही.

सर्व्हेचं म्हणाल तर 'तुम्हाला कशावर ट्रेनिंग हवंय' हा प्रश्न फार भरवशाचा नाही. लोक आवडीचे विषय सांगतात, जे आधीच बऱ्यापैकी येतं त्यातलंच अजून मागतात. २००६ मध्ये जामा या जर्नलमध्ये एक सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका विषयावरच्या सगळ्या अभ्यासांचा पद्धतशीर आढावा) आला होता, त्यात डॉक्टरांनी स्वतःबद्दल दिलेला अंदाज आणि बाहेरून मोजलेली क्षमता यांचा मेळ बऱ्याच अभ्यासांमध्ये बसला नव्हता. तेव्हा सर्व्हे घ्या, पण चार्ट आणि प्रत्यक्ष निरीक्षणाच्या जोडीला.

चूक सापडली की लगेच कोर्सकडे धावू नका. कारण शोधा. माहिती नाही म्हणून चुकतंय, माहिती आहे पण हात बसलेला नाही म्हणून, का दोन्ही आहे पण सिस्टिममुळे होत नाही? ट्रॉलीत बरोबर सिरिंजच नसेल, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्स रात्री कपाटात कुलूपबंद असतील, जेवणाचा ट्रे आणि इन्सुलिनची वेळ जुळत नसेल, तर कितीही भारी कोर्स करा, उपयोग शून्य. तो प्रश्न स्टोअरचा आणि रोस्टरचा आहे. अशा वेळी ट्रेनिंग घेतलं की उलट नुकसान होतं, कारण 'ट्रेनिंग दिलंय' असं कागदावर येतं आणि मूळ गोष्ट तशीच राहते.

थांबा: मोजलेले आकडे आत्ताच जपून ठेवा, हीच तुमची बेसलाइन. कोर्स झाल्यावर 'फरक पडला का' हा प्रश्न येतो तेव्हा आधीचा आकडा कोणाकडेच नसतो आणि तो मागे जाऊन गोळा करणं महाकठीण.

तपासणी: 'अमुक लोक, अमुक ठिकाणी, अमुक गोष्ट करत नाहीत, कारण अमुक' असं एक वाक्य लिहिता येतंय का? 'कारण'च्या पुढे अडलात तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: कोणासाठी, हे ठरवा आणि त्यावर ठाम राहा

'सर्वांसाठी खुला' हा कोर्सचा शत्रू आहे. हॉल भरतो खरा, पण वीस वर्षं प्रॅक्टिस केलेले फिजिशियन आणि गेल्या महिन्यात रुजू झालेली सिस्टर एकाच स्लाइडकडे बघतायत, एकाला कंटाळा येतोय आणि दुसरीच्या डोक्यावरून जातंय.

एकत्र बसवायचं असेल तर त्याला कारण हवं. इन्सुलिनच्या बाबतीत कारण आहे, कारण चूक एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाते: रेसिडेंट लिहितो, फार्मसी देते, सिस्टर भरते. मग एकत्र बसवा, पण प्रत्येकाचं काम वेगळं लिहून काढा. रेसिडेंटने ऑर्डर पूर्ण आणि सुवाच्य लिहायची, फार्मासिस्टने व्हायलची स्ट्रेंग्थ ऑर्डरशी ताडून द्यायची आणि दोन स्ट्रेंग्थचा साठा वेगळा ठेवायचा, सिस्टरने दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्र तपासून घ्यायचं. तिघांना एकच काम दिलं तर दोघं नुसते बसून राहतात.

नाइट करून आलेली माणसं सकाळच्या सेशनला येणार आहेत का, सलग दोन तास सुटका होते का, ऑनलाइन असेल तर बघणार मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, हे आत्ताच विचारून घ्या. हे नंतर विचारलं की आख्खं वेळापत्रक मोडावं लागतं.

## टप्पा ३: उद्दिष्टं लिहा, क्रियापद बघून

'सहभागींना इन्सुलिन थेरपीची समज येईल.' हे उद्दिष्ट नाही. समज आलीय हे तुम्ही बघणार कसं? 'जाणीव होईल', 'माहिती मिळेल', 'ओळख होईल' हे सगळे त्याच घरचे. लिहिताना असं क्रियापद घ्या जे समोर उभं राहून डोळ्यांनी बघता येईल: ओळखेल, मोजेल, भरून दाखवेल, लिहील, सांगेल, निवडेल.

आपल्या उदाहरणात तीनच:

* व्हायलवरची स्ट्रेंग्थ वाचून जुळणारी सिरिंज निवडेल आणि न जुळल्यास डोस न देता थांबेल.
* शुद्धीवर असलेल्या आणि गिळू शकणाऱ्या पेशंटची शुगर ७० च्या खाली आल्यास १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासेल आणि दोन्ही नोंदी चार्टवर करेल.
* संदिग्ध ऑर्डर दिसली तर लिहिणाऱ्याला फोन करून ती दुरुस्त करून घेईल.

दोन तासांच्या सेशनला तीन, फार तर चार. दहा लिहिलीत तर त्यातली सात फॉर्मपुरती आहेत हे तुम्हालाही माहितीये.

इथे मिलरचा पिरॅमिड कामाला येतो, १९९० मध्ये मांडलेला. चार पायऱ्या: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो. प्रत्येक उद्दिष्टापुढे पायरी लिहून टाका. वरचं पहिलं उद्दिष्ट तिसऱ्या पायरीवरचं आहे, 'करून दाखवतो'. म्हणजे ते नुसत्या लेक्चरने होणार नाही आणि नुसत्या एमसीक्यूने (पर्याय निवडायच्या प्रश्नांनी) तपासताही येणार नाही. पुढचे दोन टप्पे या एका नोंदीवर चालतात, म्हणून ती टाळू नका.

तपासणी: उद्दिष्टांचा कागद कोर्सशी संबंध नसलेल्या एका सहकाऱ्याला द्या आणि विचारा, 'हे झालंय की नाही हे तू कसं ओळखशील?' उत्तर देताना अडखळला तर वाक्य बदला.

## टप्पा ४: परीक्षा आधी, स्लाइड्स नंतर

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. पोस्ट-टेस्ट आदल्या रात्री बनते, स्लाइड्समधली वाक्यं उचलून त्यात गाळलेल्या जागा टाकून. मग टेस्ट तपासते काय, तर स्लाइड आठवते का ते. टेस्ट आधी बनवली की कंटेंट आपोआप आटोपशीर होतो, कारण काय शिकवायलाच हवं ते समोर दिसतं.

एक प्रश्न जवळून बघू. नेहमी असा येतो: 'इन्सुलिन सिरिंजचे प्रकार किती?' पाठ असेल तर बरोबर, नसेल तर चूक, आणि कामाशी संबंध कमीच. त्याऐवजी:

*रात्रीची ड्युटी. पेशंटला रेग्युलर इन्सुलिन १० युनिट द्यायचंय. हातातली व्हायल १०० युनिट प्रति मिलीची आहे. ट्रॉलीत फक्त ४० युनिट प्रति मिलीच्या, लाल टोपीच्या सिरिंज आहेत. तुम्ही आधी काय कराल?*

*अ) सिरिंजवर १० च्या खुणेपर्यंत भरून देईन.*
*ब) हिशेब करून ४ च्या खुणेपर्यंत भरून देईन.*
*क) १०० युनिट प्रति मिलीची सिरिंज मागवेन, ती आल्यावरच डोस भरेन.*
*ड) साध्या २ मिलीच्या सिरिंजमध्ये अंदाजे भरून देईन.*

'अ' निवडलं तर पेशंटला पाव मिली, म्हणजे १० च्या जागी २५ युनिट जातात, अडीचपट. 'ब' हा खरा मजेशीर पर्याय आहे: गणित बरोबर आहे, ०.१ मिली म्हणजे १० युनिटच होतात, आणि हुशार माणसं नेमकं हेच करतात. पण रात्री तीन वाजता, फोन वाजत असताना, डोक्यातल्या गणितावर डोस द्यायचा ही पद्धतच धोक्याची. उत्तर 'क'. आता या एका प्रश्नावर वर्गात दहा मिनिटं वाद होतो आणि तो वाद म्हणजेच शिकणं.

यातून नियम असा निघतो की चुकीचे पर्याय मनाने रचू नका, टप्पा १ मध्ये वॉर्डात जे करताना लोक दिसले तेच पर्याय म्हणून टाका. कोणी कधीच करणार नाही असा पर्याय टाकला तर तो जागा अडवतो फक्त.

एमसीक्यूतल्या नेहमीच्या चुका, पटापट: बरोबर उत्तर सगळ्यात लांब असतं (परीक्षा देऊन देऊन तयार झालेली माणसं तेवढ्यावरच ओळखतात). 'वरीलपैकी सर्व' टाकला की दोन पर्याय बरोबर वाटले तरी खूण होते. 'खालीलपैकी कोणतं चुकीचं नाही' असली दुहेरी नकाराची वाक्यं वाचनाची परीक्षा घेतात, मेडिसिनची नाही. आणि एकाच प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या की कुठे चुकलं ते कळत नाही.

हाताच्या कामासाठी चेकलिस्ट करा. ऑस्कीसारखी स्टेशनं (एकेका टेबलावर एकेक काम करून दाखवायची परीक्षा; ही पद्धत हार्डनने १९७५ मध्ये मांडली) लहान प्रमाणात कोणालाही लावता येतात: एक टेबल, दोन स्ट्रेंग्थच्या रिकाम्या व्हायल पाणी भरून आणि 'फक्त ट्रेनिंगसाठी' असं मोठं लेबल लावून, दोन प्रकारच्या सिरिंज, एक ऑर्डर शीट आणि बघणारा एक माणूस. चेकलिस्टमध्ये आठ-दहा पायऱ्या पुरेत आणि त्यातल्या दोन-तीन 'हे चुकलं तर सगळंच नापास' अशा ठरवा. व्हायलची स्ट्रेंग्थ वाचली नाही आणि बाकी सगळं सुंदर केलं तर त्याला ९० टक्के द्यायचे का? नाही. हे आधी लिहून ठेवलं नाही तर परीक्षक दयेपोटी पास करतात, हमखास करतात.

थांबा: ट्रेनिंगच्या व्हायल, सिरिंज, औषधं सेशन संपल्यावर मोजून परत घ्या. पाण्याची व्हायल चुकून वॉर्डाच्या फ्रिजमध्ये गेली तर सुरक्षिततेच्या कोर्समधूनच अपघात व्हायचा.

प्री-टेस्ट घ्यायची असेल तर त्याच उद्दिष्टांवरचे पण वेगळे प्रश्न ठेवा. तेच प्रश्न दोनदा दिले की वाढलेले मार्क ओळखीचे असतात.

## टप्पा ५: कंटेंट कापा

आता कुठे कंटेंट. टेस्ट समोर ठेवा आणि प्रत्येक मुद्द्याला विचारा, हा नसेल तर कोणता प्रश्न चुकेल? कुठलाच नाही? मग हँडआउटमध्ये टाका किंवा सोडून द्या. बीटा सेलची रंगीत आकृती सुंदर असते, पण आपल्या तीन उद्दिष्टांत तिला जागा नाही. स्पीकर हळहळतील, चालेल.

कुठल्या गाइडलाइनवर कंटेंट उभा आहे तिचं नाव, वर्ष आणि तुम्ही ती शेवटची कधी तपासली हे पहिल्या स्लाइडवर टाका. आणि गाइडलाइन आणि तुमच्याकडचा लेखी प्रोटोकॉल यांच्यात फरक असेल तर तो कोर्सच्या आधी मिटवा, कोर्समध्ये नको. वर्गात एक सांगितलं आणि वॉर्डाच्या भिंतीवर दुसरंच लावलेलं असेल तर भिंत जिंकते.

कंपनीचे पैसे येत असतील तर विषय, स्पीकर, स्लाइड्स, प्रश्न यातलं काहीही त्यांच्या हातात देऊ नका. स्पीकरचे कोणाशी आर्थिक संबंध आहेत ते सुरुवातीलाच जाहीर करा, औषधांची जेनेरिक नावं वापरा, लोगो कंटेंटपासून लांब ठेवा. याबद्दल तुमच्या कौन्सिलचे नियम असतातच, ते फॉर्म भरायच्या दिवशी वाचण्यापेक्षा आत्ता वाचा, कारण क्रेडिटसाठी किती मिनिटांचं सेशन, कोणती नोंद, किती दिवस आधी अर्ज हे सगळं प्लॅनिंगवर परिणाम करतं.

## टप्पा ६: उद्दिष्टाला साजेशी पद्धत निवडा

लेक्चर वाईट असतं असं काही नाही. नवीन प्रोटोकॉल सांगायचाय, सगळ्यांना एका पातळीवर आणायचंय, तर वीस मिनिटांचं चांगलं लेक्चर सगळ्यात स्वस्त आणि मस्त. गडबड अशी की लेक्चरवरच थांबतात. शैक्षणिक मीटिंग आणि वर्कशॉपवरचा २००९ चा कोक्रेन रिव्ह्यू (कोक्रेन या संस्थेचा असाच पद्धतशीर आढावा) बघितला तर अशा कार्यक्रमांनी प्रॅक्टिसमध्ये पडणारा फरक मध्यम पातळीवर सुमारे ६ टक्क्यांचा, म्हणजे थोडाच. आणि लेक्चर आणि इंटरॅक्टिव्ह काम यांचं मिश्रण नुसत्या लेक्चरपेक्षाही आणि नुसत्या इंटरॅक्टिव्हपेक्षाही सरस ठरलेलं. त्याच रिव्ह्यूचा अजून एक निष्कर्ष असा की गुंतागुंतीचं वागणं बदलायला नुसत्या मीटिंग पुरत नाहीत. म्हणून साधं, एका वेळी एक वागणं पकडा.

पद्धत कशी निवडायची? टप्पा ३ मध्ये लिहिलेली पायरी बघा. 'माहीत आहे' असेल तर वाचायला द्या किंवा छोटा व्हिडिओ, हॉलचा वेळ त्यावर घालवू नका. 'कसं करायचं ते माहीत आहे' असेल तर केस डिस्कशन. 'करून दाखवतो' असेल तर हातात वस्तू द्या, दुसरा इलाज नाही. सीपीआरचं (हृदय थांबल्यावर छाती दाबायचं) घ्या, छाती ५ ते ६ सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे वाक्य कोणीही पाठ म्हणतं, आणि मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर) हात ठेवला की तिसऱ्या मिनिटाला दाब उथळ होतो. ते शरीराला कळावं लागतं.

इथे एक साधा हिशेब लोक करत नाहीत. चोवीस जण, एक मॅनिकिन, प्रत्येकाला दोन मिनिटं. अठ्ठेचाळीस मिनिटं, आणि त्यात प्रत्येक जण सेहेचाळीस मिनिटं नुसता उभा. फीडबॅक धरलेलाच नाही. एकतर मॅनिकिन वाढवा, नाहीतर गट लहान करून वेगवेगळ्या वेळा द्या, नाहीतर स्टेशनं फिरती ठेवा म्हणजे एक गट हाताचं काम करताना दुसरा केस सोडवतोय.

तिसरं उद्दिष्ट, फोन करून ऑर्डर दुरुस्त करून घेणं, हे दिसायला सोपं आणि करायला अवघड, कारण त्यात सीनियरला टोकायचं असतं. त्याला रोल प्ले लागतो. एक जण चिडलेला सीनियर होतो, दुसऱ्याने फोन करायचा: 'सर, बेड नंबर सातची इन्सुलिनची ऑर्डर, मला १० वाचता येतंय की १०० ते नक्की कळत नाही, शुगर १८० आहे, तुम्ही आकडा सांगता का, मी वाचून परत दाखवते.' सुरुवातीला सगळे हसतात, चालू द्या. दुसऱ्या फेरीत सीनियरची भूमिका करणाऱ्याला सांगा की 'आधीच सांगितलंय ना' म्हणून फोन आपटायचा. मग हसू थांबतं आणि पुढे कोणाला फोन करायचा हा खरा प्रश्न वर्गात येतो. त्याचं उत्तर तुमच्याकडे तयार असायला हवं, म्हणजे एस्कलेशनचा क्रम आधी प्रशासनाशी बोलून ठरवलेला.

थांबा: सिम्युलेशन (खोटा प्रसंग उभा करून सराव) केलं आणि डीब्रीफिंगला, म्हणजे नंतर त्यावर बोलायला, पाचच मिनिटं उरली तर सिम्युलेशन करूच नका. बोलायला निदान प्रसंगाएवढा, शक्यतो त्याहून जास्त वेळ ठेवा. आणि सुरुवात 'तुझं काय चुकलं' अशी नको. 'त्या क्षणी तुला काय दिसत होतं, मनात काय होतं' असं विचारा. चारचौघांत ज्याचा पाणउतारा झाला तो पुढच्या कोर्सला येत नाही, आणि चुका कळवायचंही बंद करतो.

## टप्पा ७: वेळ वाटा, आणि तुकडे करा

दोन तासांचा साधा आराखडा: १० मिनिटं प्री-टेस्ट आणि वॉर्डातले आपलेच आकडे दाखवणं, २० मिनिटं लेक्चर, २५ मिनिटं वरच्यासारखे प्रश्न गटात, ४५ मिनिटं स्टेशनं आणि रोल प्ले, १० मिनिटं पोस्ट-टेस्ट, १० मिनिटं 'उद्यापासून मी काय बदलणार' हे लिहायला. उरली शून्य मिनिटं? मुद्दाम मोजा. १२० झाले की नाही, झाले. म्हणजे उशिरा सुरू झालं तर कुठून कापायचं हे आत्ताच ठरवा, आणि ते लेक्चरमधून कापा. प्रत्यक्षात नेहमी स्टेशनंच कापली जातात कारण ती शेवटी असतात.

सगळं एका दिवसात कोंबण्यापेक्षा दोन तुकडे बरे, मध्ये आठवडा-दोन आठवडे. दुसऱ्या वेळी आधीचंच आठवून सांगायला लावा. आठवायचा प्रयत्न करणं हे पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात छान दिसलंय: लगेच टेस्ट घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवणारे पुढे. हाताची कौशल्यं तर काही महिन्यांतच उतरायला लागतात, म्हणून वॉर्डात दहा मिनिटांचे छोटे रिफ्रेशर आत्ताच कॅलेंडरवर टाका.

## टप्पा ८: आता स्पीकर

स्पीकरला विषय देऊ नका, एक पानाचं ब्रीफ द्या: समोर कोण बसणार, तीन उद्दिष्टं, किती मिनिटं, किती स्लाइड्स, आणि काय घ्यायचं *नाही*. टेस्टचे प्रश्नही दाखवा. मोठं नाव असेल आणि 'माझी पीपीटी तयार आहे' म्हणाले तर गोड शब्दांत पण स्पष्ट सांगा, किंवा दुसरं कोणीतरी बघा. रोज इन्सुलिन भरणारी अनुभवी सिस्टर स्टेशन चालवायला कुठल्याही प्रोफेसरपेक्षा बरी, आणि तिला फॅकल्टी म्हणून छापील नाव आणि तेवढाच मान द्या.

मग पायलट. टार्गेट गटातले चार-पाच जण पकडून टेस्टचे प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि काय विचार करतायत ते बोलायला सांगा. प्रश्न कुठे फसवा आहे ते अर्ध्या तासात कळतं. एक स्टेशनही घड्याळ लावून चालवून बघा.

तपासणी: पायलटमध्ये शिकवण्याआधीच सगळ्यांना सगळं बरोबर आलं तर आनंद मानू नका, टप्पा १ ला परत जा. गॅप, म्हणजे वॉर्डातली उणीव, चुकीचा पकडलाय.

## टप्पा ९: प्रत्यक्ष दिवस

याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वेळेवर सुरू करा, टाइमकीपर वेगळा ठेवा, हजेरी सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे घ्या. ड्युटीवर असलेल्यांच्या जागी कोण, हे लेखी ठरलेलं असू द्या, नाहीतर दर पाच मिनिटांनी एकेक जण फोन घेऊन बाहेर जातो. चर्चेत खऱ्या पेशंटची केस आली तर नाव, नंबर, फोटो काहीही दाखवू नका. ऑनलाइन असेल तर सलग एक तासाच्या व्हिडिओऐवजी सहा-आठ मिनिटांचे तुकडे, प्रत्येकानंतर एक प्रश्न, आणि हाताचं काम ऑनलाइनवर ढकलू नका.

## टप्पा १०: फरक पडला का, ते मोजा

कर्कपॅट्रिकच्या १९५९ पासूनच्या चार पातळ्या अजूनही पुरेशा आहेत: आवडलं का, शिकले का, कामात वापरतात का, आणि त्याने परिणाम बदलला का. फीडबॅक फॉर्म फक्त पहिली पातळी मोजतो. 'सेशन कसं वाटलं' या प्रश्नाच्या जागी 'यातली कुठली गोष्ट तुमच्या वॉर्डात करता येणार नाही आणि का' हे विचारा. उत्तरं बोचतात, पण कामाची असतात.

लोकांनी लिहिलेलं 'उद्यापासून मी काय बदलणार' त्याची एक कॉपी तुमच्याकडे ठेवा आणि सहा आठवड्यांनी त्यांनाच परत पाठवून विचारा, झालं का, नसेल तर काय आडवं आलं.

तीन महिन्यांनी पुन्हा सलग तीस चार्ट काढा आणि टप्पा १ मधल्या त्याच तीन गोष्टी, त्याच व्याख्येने, शक्यतो त्याच माणसाकडून मोजून घ्या. आधी 'पंधरा मिनिटांनी' म्हणजे अठरा मिनिटांपर्यंत धरलं असेल तर आताही तेच धरा. आकडे आले की ते वॉर्डनिहाय दाखवा, नावानिशी नको. एक सावधगिरी: कोर्सनंतर इन्सिडेंट रिपोर्ट वाढले तर घाबरू नका, बऱ्याचदा चुका वाढलेल्या नसतात, लोक कळवायला लागलेले असतात. म्हणून रिपोर्टची संख्या एकटी बघू नका, चार्टबरोबर बघा.

आकडा हलला नाही तर कोर्स तसाच पुन्हा घेऊ नका. पोस्ट-टेस्ट आणि स्टेशनं चांगली गेली होती पण वॉर्डात बदल नाही, तर अडचण सिस्टिमची आहे, ट्रॉली आणि स्टोअर बघा. पोस्ट-टेस्ट चांगली पण स्टेशनवर अडकले, तर हाताच्या कामाला वेळ कमी पडला, लेक्चर अजून कापा. पोस्ट-टेस्टच वाईट गेली तर आधी कुठले प्रश्न सगळ्यांचे चुकले ते बघा, प्रश्नच फसवा असू शकतो. प्रत्येक वेळी काय बदललं, कोणत्या तारखेला आणि का, हे कोर्सच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहा. क्रेडिटच्या ऑडिटला तीच फाइल मागतात, आणि पुढच्या वर्षी कोर्स ज्याच्या गळ्यात पडेल त्यालाही तीच लागणार आहे.